उरलेल्या दोन गोळ्या

माघातल्या एकादशीला बाबांनी मृदंगाशिवाय कीर्तन केलं.

टाळकरी होते, वीणेकरी होते, मागे गायला चौघे उभे होते. फक्त मृदंगाची जागा मोकळी होती. माझे बाबा, ह.भ.प. विश्वंभर महाराज जोगदंड, एकतीस वर्षं ज्या बाजूला मान वळवून ‘हं’ म्हणत आले, त्या बाजूला त्यांची मान त्या दिवशीही तीनदा वळली. तिसऱ्या वेळी ती तशीच राहिली आणि चरण पुढं सरकेना. टाळकऱ्यांनीच तो कसाबसा पुढं नेला. मी बायकांत बसून सतरंजीचे पट्टे बघत राहिले.

मृदंग वाजवणारे दगडूअण्णा शेवाळे चार घरं सोडून राहतात. ते आजारी नव्हते. त्यांचा निरोप आला होता, “ज्याच्या अंगातून माझ्या घरात मरण आलं, त्याच्यासंगं उभा राहून मी हात चालवणार न्हाई. आन् त्यो कोण, ह्ये कळंस्तवर कुणासंगंच न्हाई.”

तो कोण हे गावात फक्त मला माहीत होतं.

मी रेवती. सावरखेडला माहेरीच राहते आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा सांभाळते. तीन वर्षांपूर्वी आमच्यासारख्या प्रत्येक रुग्णालयाला एक यंत्र मिळालं, जेवणाच्या डब्याएवढं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण आम्ही त्याला भाट म्हणतो. जुन्या काळी भाट बाड उघडून घराण्याच्या दहा पिढ्या घडाघडा वाचायचे, तसं हे यंत्र विषाणूच्या पिढ्या वाचतं. नाकातला नमुना घातला की तासाभरात फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर, साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरं, पडद्यावर येतो. दोन माणसांचे मजकूर शेजारी ठेवले की कोणाचा आजार कोणाकडून आला, ते पुष्कळदा कळतं. अहवालात नाव जात नाही, क्रमांक जातो. त्या क्रमांकाचा माणूस कोण, हे नमुना घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्यानं ते कुणाला सांगायचं नसतं. आमच्याकडचे नमुने मी घेते.

आता सप्ताहाचं सांगते, कारण सगळं तिथंच झालं.

दत्तजयंतीला आमचा सप्ताह बसतो. सात दिवस, आठ प्रहर वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग छातीला छाती लावून भेटतात. काल बांधावरून भांडलेले दोघं आज असे भेटताना मी पाहिलेत. मला सगळ्या सप्ताहात हा एक क्षण फार आवडतो. फ्लूलाही तो आवडू शकतो, हे मला, शिकलेल्या बाईला, सुचायला हवं होतं. गेल्या काही वर्षांत लोकांना मुखपट्टीची सवय झाली होती, पण वीणा गळ्यात आली की पट्टी खाली यायची. देवाचं नाव कापडातून पोचत नाही असं कुणी म्हणत नव्हतं, वागत मात्र सगळे तसंच होते. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाच जणांना ताप भरला. बाबा, अण्णा, वीणेकरी किसनराव आणि टाळकरी दोघं भाऊ. मी नमुने नेले. फ्लूच निघाला. त्यावर त्या वेळी एकच औषध चालत होतं. आधीची एकेक करून निकामी झाली होती. हे नवं होतं. सकाळ-संध्याकाळ एक गोळी, पाच दिवस, एकूण दहा. आमच्याकडे एकाच माणसापुरतं पाकीट शिल्लक होतं, पुढचा साठा तीन दिवसांनी यायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “महाराज सत्तरीचे, त्यात हृदयाचा त्रास. त्यांना द्या.”

मी ते बाबांच्या हातात दिलं.

“दहा आहेत बाबा. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधे सोडायची नाही. आणि कुणाला द्यायची नाही.”

“बरं.”

बाबांचे दोन ‘बरं’ आहेत. एक खरं, आणि एक, चहा बंद करा असं सांगणाऱ्याला ते देतात ते. हे दुसरं होतं. मला कळलं होतं. पण दारात स्कूटर उभी होती, रुग्णालयात चाळीस नमुने पडले होते, आणि मी निघाले.

मी वळणावर पोचले नसेन, तोवर त्यांनी कात्रीनं पाकिटातल्या गोळ्या सुट्या केल्या. आरतीच्या ताटात ठेवल्या, आणि दोन-दोनच्या पाच पुड्या बांधल्या. पंगतीत वाढप्यानं आधी स्वतःच्या पानात वाढून घेतलेलं आमच्या मंदिरात कुणी पाहिलेलं नाही. पुढं मी संतापून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “शेजारी दगडू खोकतोय, आणि मी एकटा गोळी गिळू? मग पुढच्या चरणाला तोंड उघडायचं कसं, ते तूच सांग.”

तापाच्या चौथ्या दिवशी साठा आला. पाचही जणांना पूर्ण पाकिटं मिळाली. चौघं बरे झाले. अण्णांचा खोकला मात्र सप्ताह संपला तरी थांबेना. त्यांना जुना दमा. दम्यासाठी ते जे औषध घेत, त्यानं शरीराची रोगाशी लढण्याची ताकद मंदावते. त्यांना मंदिरातच झोपायचं होतं. त्यांची सून शारदा तिथं जाऊन त्यांना घेऊन आली.

शारदाला सातवा महिना होता. मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावावी लागते. कीर्तनाआधी ती कणीक भिजवून द्यायचं काम तिचं. “अण्णा, ह्या सप्ताहात तुमच्या मृदंगानंच जास्त पोळ्या खाल्ल्या,” असं ती भर मंडपात म्हणायची, आणि अण्णा म्हणायचे, “खाऊ दे की, त्यो तुझ्यासारखा दिवसभर बोलत तरी न्हाई.” आजारी सासऱ्याला तिनं चार दिवस पेज भरवली.

तिला ताप आला त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली. पूर्ण मात्रा, वेळेवर, एकही चुकली नाही. काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी जिल्ह्याला हलवलं. ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी, दीड किलोची. शारदा त्यानंतर दोन दिवस होती.

तिचा नमुना मी भाटात घातला. साडेतेरा हजार अक्षरांत एक अक्षर वेगळं होतं. गोळी विषाणूला जिथं धरते, नेमकं तिथलं. मग मी पाच जणांचे जुने नमुने काढले. तापाच्या तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी मी सगळ्यांचे पुन्हा घेतले होते. बदललेलं अक्षर एकाच माणसात सापडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या विषाणूंत शंभरातल्या तिघांकडे ते होतं. सहाव्या दिवशी अठ्ठ्याण्णवांकडे. अहवालात मी लिहिलं, क्रमांक चार.

क्रमांक चार म्हणजे दगडूअण्णा.

बाबांचा मजकूर शेवटपर्यंत पहिल्या दिवसासारखाच होता. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांचा शिक्काही त्यावर कुठं दिसत नव्हता. मला नवल वाटलं नाही. देवाचे आभार मानले आणि पुढचा नमुना घेतला. तिथं मी थांबायला हवं होतं.

पौषात बाबांनी स्वतःच्या कीर्तनातला अर्धा तास मला दिला. म्हणाले, “लोक म्हणतायत औषध खोटं होतं, कुणी म्हणतं सप्ताहाला दृष्ट लागली. तू सांग काय झालं ते.” मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर उभी राहिले. पोथीचाच दाखला घेतला.

“समजा एका पोथीच्या कोटभर नकला करायच्यात आणि लिहिणारे सगळे घाईत आहेत. प्रत्येकाच्या हातून एखादं अक्षर चुकणार. फ्लूचा विषाणू असाच घाईत आपली नक्कल काढतो आणि तपासत नाही. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात. आता समजा गोळी म्हणजे एक माणूस आहे. तो येतो, आणि ज्या नकलेत एक ठरावीक शब्द दिसेल ती फाडून टाकतो. कोटीत एखाद्या नकलेत तोच शब्द चुकून वेगळा लिहिला गेलाय. ती वाचते. पाच दिवस पूर्ण गोळ्या घेतल्या तर नकला इतक्या भराभर फाटतात, की उरलेल्या मूठभर, त्या चुकलेल्यासुद्धा, आपलं शरीर निपटून काढतं. पण तो माणूस मधेच निघून गेला तर? ओळखीच्या नकला बऱ्याच फाटल्या, जागा मोकळी झाली, आणि चुकलेल्या नकलेला सगळं रान मिळालं. मग तिच्याच नकला निघतात.”

खांबाला टेकून अण्णा बसले होते. त्यांनी हात वर केला.

“म्हंजे गोळी बघून त्यो शिकला.”

“नाही अण्णा. तो काही शिकत नाही. चूक आधीच झालेली असते, आपोआप, कुठंही. गोळी फक्त निवडते. कोणी उरायचं ते.”

“आन् जिथं गोळीच न्हाई?”

“तिथं निवडच नाही. चुकलेला एखादा असला तरी गर्दीत दबून जातो.”

अण्णांनी मान हलवली. मग विचारलं, “कुणाच्या अंगात निवडला?”

मी म्हणाले, “ते मला सांगता येत नाही, अण्णा.”

“येत न्हाई, का सांगायचं न्हाई?”

ते उठले आणि बाबांकडे बघत बाहेर गेले. त्या दिवसानंतर त्यांनी मृदंगाला हात लावला नाही. गोळ्या बाबांनी वाटल्या होत्या. अण्णांचा संशय कोणावर होता, हे सांगायची गरज नव्हती.

माघ एकादशीचं ते मुकं कीर्तन झाल्यावर बाबा घरी आले, पगडी उतरवून ठेवली आणि मला म्हणाले, “दगडूच ना?”

“कोण म्हणालं तुम्हाला?”

“मी असतो तर तू मला सांगून रडली असतीस. किसन असता तर त्याच्या घरी जाऊन बसली असतीस. दगडूच्या घरी तू दीड महिना गेली नाहीस. त्याच्या नातीला पाहिलंही नाहीस.”

मी भिंतीकडे तोंड केलं.

“त्याला माझं नाव सांगायचं,” बाबा म्हणाले.

“बाबा, ते खोटं आहे.”

“वाटल्या मी. त्यात खोटं असं कितीसं उरलं?”

“मी अहवाल बदलणार नाही.”

“अहवाल कोण मागतंय? मी बोलेन. तू नुसती गप्प बस.” मग म्हणाले, “त्यानं माझ्यावर आयुष्यभर राग धरला तर तो जगेल. स्वतःवर धरला तर नाही जगणार. मी ओळखतो त्याला.”

माझं सगळं शिक्षण आत उभं राहून नाही म्हणत होतं. आणि आत आणखी एक पोर उभी होती, लहानपणी अण्णांच्या मृदंगाच्या कुशीत झोपी जाणारी. मी गप्प बसायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही मंदिरात गेलो. बाबांनी अण्णांना निरोप धाडला होता. ते आले, पायरीवर बसले. आत आले नाहीत.

“दगडू,” बाबा उभ्यानंच म्हणाले, “तो माझ्यात बदलला. रेवानं सांगितलं मला. तुझ्या घरी मी दोनदा येऊन गेलो होतो, तुला बघायला. तेव्हा गेला असणार.”

अण्णांनी बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

“खरं का गं माय?”

गप्प बसायचं ठरलं होतं. पण त्या नजरेपुढं गप्प बसणं म्हणजे नाही म्हणण्यासारखंच होतं. मी मान हलवली. होय म्हणून.

अण्णांनी एक लांब श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले. दीड महिना काहीतरी धरून बसलेला माणूस ते खाली ठेवतो तसे. “आसं,” ते म्हणाले. “आसं हाय तर.” मला वाटलं आता ते शिव्या देतील, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, द्या अण्णा, हव्या तेवढ्या द्या.

ते उठले. दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर थांबले.

“बुवा, गोळ्या दहाच व्हत्या ना?”

“दहाच.”

“आपण पाच. दोन-दोन.”

“हो.”

“मला पयल्या दिवशी दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पुडी दिली. म्हणालात, दगडू, ह्या दोन उरल्यात, घे.” अण्णा बोटांवर मोजत होते, तालाच्या मात्रा मोजतात तसं, अंगठा एकेका पेरावर ठेवत. “दहा गोळ्या, पाच माणसं. उरल्या कुठून?”

बाबांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“तुमी घेतल्याच न्हाईत.”

“घेतल्या रे. एक-दोन कुठं इकडंतिकडं…”

“बुवा, एकतीस साल तुमच्यासंगं हाय मी. कीर्तनात पदरची गोष्ट घुसडता तवा तुमचे डोळे मिटत्यात. आता बी मिटल्यात.”

बाबांनी डोळे उघडले. त्यांत पाणी होतं.

“तू जास्त खोकत होतास, दगडू,” ते म्हणाले. “माझा ताप हलका होता.”

माझ्या डोळ्यांपुढं भाटाचा पडदा आला. बाबांचा कोरा, न बदललेला मजकूर. ज्याच्या अंगात गोळी गेलीच नव्हती, त्याच्यात निवड होणार कशी? चौथ्या दिवशी पाकीट मिळालं तोवर त्यांचा आजार आपला आपणच उतरला होता. हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, कारण मला फक्त बाबा वाचायला हवे होते. आणि आता अण्णा तेच वाचत होते, मी त्यांना शिकवलेल्या अक्षरांनी.

“तूच म्हणालीस,” ते मला म्हणाले, आवाज न चढवता. “जिथं गोळी न्हाई तिथं निवड न्हाई. मग बुवात कशी व्हईल? आन् मला चार. दोन दिवस घेतल्या, एक दिवस बंद, मंग साठा आला. फाडणारा आला, निघून गेला, पुन्हा आला.” त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला. “हितं झालं ना?”

“अण्णा, ते कोणाच्याही अंगात झालं असतं. त्यात तुमचं पाप नाही. चूक आपोआप होते, मी सांगितलं ना…”

“पाप इचारलं न्हाई म्या. हितं झालं का, येवढंच इचारलं.”

“हो,” मी म्हणाले.

मंदिरात कुणी नव्हतं. बाबा पुढं झाले आणि अण्णांच्या पायाशी वाकले. अण्णांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. भेटले मात्र नाहीत. दोघं हातभर अंतरावर उभे राहिले, आणि मला कळलं, आता सप्ताहात वीणा देतानाही ते असेच उभे राहतील.

“तिनं मला मंदिरातून वढत नेलं,” अण्णा म्हणाले. “म्हणाली, घरी माणसं असताना हितं कामून पडायचं. चार दिवस समोर बसून पेज भरवली, बुवा. मी त्वांड फिरवायचो तर म्हणायची, मृदंग बरा, मुकाट खातो.”

ते पायऱ्या उतरले. बाबा मागून निघाले, मीही. कोणी कोणाला ये म्हटलं नव्हतं.

अण्णांच्या ओट्यावर त्यांचा मुलगा अंकुश उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत पाच आठवडे काढून ती घरी आली होती. मी तिला प्रथमच पाहत होते. कपाळ अगदी शारदाचं.

“आलात का?” अंकुश म्हणाला. “घ्या हिला, मला धारा काढायच्यात. दुपारपासून तुमच्याच नावानं वरडतीय.” त्यानं मुलगी पुढं केली.

अण्णांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

“अण्णा,” मी मागून म्हणाले, “घ्या तिला. तुमच्यात आता काही नाही. मी तीन वेळा तपासलंय. केव्हाच गेलं ते.”

त्यांनी ऐकलं. मान हलवली, कीर्तनात एखादा सिद्धान्त पटल्यावर हलवतात तशी. हात मागंच राहिले.

अंकुशला काही समजेना. त्यानं बापाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. मुलीला त्यानं पुन्हा छातीशी घेतलं.

“काय झालं अण्णा?”

“खाली बस,” अण्णा म्हणाले. “आदी सांगतो. मंग तू ठरीव, मपल्या हातात द्यायची का न्हाई.”

अंकुश मुलीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसला, आणि अण्णा त्याच्यासमोर, खाली मातीत बसले.